दाराशी बसलेली दोन माणसं

"घाई नाय," असं म्हणून दादा कुंचला कानावर ठेवायचे आणि मूर्तीपासून तीन पावलं मागं सरायचे. टेम्पो दारात उभा असो, मालक चुळबुळत असो, पहिला डोळा काढून झाला की ते त्याच्याकडं पोटभर बघून घेत. मग पुढं येऊन एका दमात दुसरा काढत. हमरापूरच्या आमच्या कारखान्यात गणपतीची आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, वर्षानुवर्षं त्यांच्याकडं होतं. मी शेजारीच रंगाच्या स्प्रेगनवर असायचो. राहायलाही आम्ही एकाच आळीत होतो, तीन घरं सोडून.

आमच्या कारखान्यात आखणीचा एक नियम आहे. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हातानं काढायचे. मध्येच आखणीवाल्याला ताप भरला, घरून बोलावणं आलं, तर मूर्ती एका डोळ्यानं तशीच थांबते. दुसऱ्यानं कुंचला लावला तर नजर तिरकी येते म्हणतात. खरंखोटं देव जाणे, कारण तसं करून बघायची कुणाची छाती झालेली नाही.

असा हा माणूस व्हिडिओ गेम खेळायचा. हसू नका. खरं तर हसा, मीही हसलोच होतो. साठीकडं झुकलेला, डोक्याला पंचा बांधणारा, नखांत कायम रंग असलेला माणूस टीव्हीसमोर खेळाचा रिमोट धरून बसलाय, हे चित्र तुम्हाला कुठं दिसणार? डोलवीला कंपनीत असलेल्या पुतण्याला शिफ्टमुळं खेळायला वेळ मिळेना, म्हणून त्यानं आपलं मशीन काकांकडं आणून ठेवलं. यांना मूलबाळ नव्हतं. नवराबायको दोघंच. बायको आमच्याच कारखान्यात दागिने रंगवायची. गणपती गेले की रंगाचं काम थंडावतं, आणि मग दुपारी घर खायला उठतं.

पहिल्या खेळात म्हणे आपलं माणूस आपणच घडवायचं असतं. नाक, केस, डोळे, सगळं निवडायचं आणि मग त्याला घेऊन गोष्टीत शिरायचं. हे दुपारचं जेवून बसले ते दिवेलागणीपर्यंत डोळ्यांवरच अडले. मी सहज डोकावलो तर बायको कपाळाला हात लावून बसलेली.

"अहो, त्या माणसाला चालू तरी द्या."

"या खेळवाल्यांकडं आखणी येणारा कुणी नाय," हे मला म्हणाले. "सगळे डोळे भिंतीकडं बघतात. अशा माणसाला घेऊन मी गावात कुठं जाऊ?"

शेवटी बायकोनंच रिमोट ओढून घेतला आणि त्या माणसाला काळा चष्मा चढवला. तेव्हा कुठं गोष्ट सुरू झाली.

पुढं त्यांची या खेळांवर मतं तयार झाली, आणि ती आम्ही कारखान्यात रोज ऐकायचो. गोष्टीच्या खेळात एक राजा असतो, तो म्हणतो राक्षसाला मार. हे राक्षसाकडं ढुंकून बघायचे नाहीत. वाटेतल्या गावात एका म्हातारीची शेळी हरवलेली असायची, कुणाचा हंडा विहिरीत पडलेला असायचा. हे आधी शेळी शोधणार, हंडा काढून देणार.

"राक्षस काय पळून जात नाय," ते म्हणायचे. "म्हातारीची शेळी जाईल."

शेळी आणून दिली की म्हातारी आशीर्वाद द्यायची. पण नंतर कितीही वेळा तिच्या दारात गेलं तरी ती तेच एक वाक्य म्हणायची. काम संपलं की त्या लोकांचं बोलणं संपतं, हा त्या खेळाचा कायदा. हे त्यांना लागलं. तेव्हापासून ते प्रत्येक गावात एकाचं तरी काम मुद्दाम अर्धवट ठेवायला लागले.

"आपल्याशी बोलायला काहीतरी राहिलं पायजे ना कुणाकडं," असं म्हणून ते मूर्तीकडं वळले. मी स्प्रेगन चालू केली. तेव्हा मला हे गमतीचं वाटलं होतं.

राज्याच्या खेळात तर ते हमखास हरायचे. त्यात गावं वसवायची, फौज उभारायची, शेजारच्या राजावर चालून जायचं. यांचं गाव मूळचं खाडीकडचं. बांध फुटला की भाताच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन पिकत नाही, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. म्हणून राज्य मिळालं की हे पहिला बांध घालायचे. एकदा शत्रू वेशीवर आला तरी यांनी शिपाई मागं बोलावले, का तर नदीकाठची माती सुटत होती. राज्य गेलं. यांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. नवा राजा बांधाकडं बघेल की नाही, ही चिंता मात्र दोन दिवस होती.

कोड्यांचे खेळ बायकोचे. दगड सरकव, आरसा फिरव, दार उघड. हे घाईनं हात लावायला गेले की ती म्हणायची, "आधी बघा, मग हात लावा. मूर्तीला घाई नाय आणि इथं कशाला?" कारखान्यात ज्याच्या शब्दावर टेम्पो थांबायचा, तो माणूस घरात बायकोकडून आपलंच वाक्य ऐकून हात मागं घ्यायचा.

त्यातला एक खेळ दोघांनी मिळूनच खेळायचा होता. दोन रिमोट, पडद्यावर दोन माणसं. तांबड्या टोपीतला तो यांचा, निळ्या शालीतली ती तिची. एकानं शिळेवर उभं राहायचं, तेव्हा दुसऱ्याची वाट मोकळी होणार. ती दोघं हा खेळ थंडीभर खेळली. एकमेकांवर चिडायची, ते आम्हाला घरी ऐकू यायचं. "तू हल ना गो तिथनं." "तुम्ही आधी उडी मारा." माझी बायको म्हणायची, या वयात यांचं नव्यानं लग्न झालंय.

शेवटच्या दारापर्यंत पोचले आणि ती आजारी पडली. पनवेलला दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत बसताना तिनं काच खाली केली. मी तिथंच उभा होतो.

"मी येईपर्यंत दाराला हात लावू नका हां," ती म्हणाली.

"घाई नाय," हे म्हणाले.

ती परत आली नाही.

त्यानंतर चार हंगाम ते एकटे होते. आखणी तशीच चोख, बोलणं मात्र कमी झालेलं. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेलो. टीव्हीवर तोच खेळ लागलेला. मोठं दगडी दार, त्याच्यासमोर दोन शिळा, आणि दोन्हींवर एकाच वेळी उभं राहिलं तरच ते उघडणार. यांच्या हातात एक रिमोट, दुसरा समोर पाटावर ठेवलेला. तिचाच.

"बघ आता," ते म्हणाले.

त्या खेळात रिमोटला कुणी हात लावला नाही की माणूस थोडा वेळ उभं राहतं, इकडंतिकडं बघतं, आणि मग खाली बसून बोटानं मातीत रेघोट्या मारायला लागतं. निळ्या शालीतली बाई तशी बसली. यांच्या तोंडावर समाधान दिसलं.

"बसली. दमली असंल."

मग त्यांनीही रिमोट मांडीवर ठेवला. जरा वेळानं तांबड्या टोपीवालाही तिच्याशेजारी बसला. आम्ही चौघं तसेच बसलो. भाकऱ्या गार झाल्या.

दोन्ही रिमोट एकट्यानं दाबून दार उघडता आलं असतं. एक हातात, एक पायाखाली, न जमण्यासारखं काही नव्हतं. नाहीतर दुसरा मला द्यायचा. पण ते तसं म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणालो नाही. आखणीचा नियम आम्हा दोघांच्या अंगात इतका मुरलेला की त्यांनी तो खेळालाही लावलाय, हे मला न सांगता कळलं. तिनं सुरू केलेलं तिसऱ्यानं पुरं करायचं नाही. मला तेव्हा ते रीतीचं वाटलं. आता वाटतं, एवढं कसं मला बरोबर वाटलं?

गेल्या हंगामात त्यांचा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी चारचौघांत चहा घेणं सोडलं, मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून आखणी करायला लागले. आम्ही सगळे बघत होतो आणि न बघितल्यासारखं करत होतो. गणपतीला आठ-दहा दिवस असताना एका मूर्तीचा पहिला डोळा काढून ते तीन पावलं मागं सरले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मग कानावरचा कुंचला काढून माझ्यापुढं धरला.

"दुसरा तू काढ."

"दादा, असं कसं?"

"मीच सांगतोय ना. काढ."

मी काढला. आखणी मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, पण दुसऱ्यानं सुरू केलेल्या मूर्तीला कधी कुंचला लावला नव्हता. झाल्यावर त्यांनी जवळ येऊन बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित रुंद झाला होता. इतरांना कळलं नसतं, आम्हा दोघांना कळत होतं.

"बघतोय की आपल्याकडं," ते म्हणाले. "नाय तिरका."

मग हात पुसत, मूर्तीकडंच बघत म्हणाले, "रविवारी येतोस का घरी? एक दार हाय. दोघं लागतात."

तुम्हाला सांगतो, मला त्याच क्षणी सगळं समजलं. चार वर्षं पाटावर ठेवलेला रिमोट ते मला देत होते. आणि मी म्हणालो, "गणपती होऊ द्या दादा, मग निवांत येतो." हंगाम होता, रविवारीही काम होतं, हे खरंच. पण अर्धंच खरं. तिच्या जागी बसायची मला भीती वाटली होती.

ते म्हणाले, "घाई नाय."

विसर्जनाच्या आधीच ते घरात पडले. धाकटा भाऊ रोह्याजवळ वरशाला राहतो, तो येऊन त्यांना घेऊन गेला. मी तेव्हा मूर्ती पोचवायला गेलो होतो. परत आलो तर त्यांच्या दाराला कुलूप, आणि माझ्या घरात मशीन. माझ्या बायकोकडं देताना त्यांनी एक रिमोट वेगळा काढून सांगितलं होतं, हा तिचा, हाच त्याला द्या. मी दोनदा वरशाला जाऊन आलो. ते खाटेवर पडून होते. बोलणं अडखळत होतं, ओळख होती. दाराचा विषय त्यांनी काढला नाही. मला काढायला तोंड नव्हतं. थंडी संपता संपता ते गेले.

मशीन मी बरेच दिवस कपाटावर ठेवलं होतं. परवा रविवारी खाली काढून टीव्हीला जोडलं. खेळ त्यांनी सोडला होता तिथंच सुरू झाला. दगडी दार, दोन शिळा, दोन माणसं. मी तिचा रिमोट हातात घेतला आणि निळ्या शालीतल्या बाईला नेऊन तिच्या शिळेवर उभं केलं. त्यांचा रिमोट पाटावर ठेवला होता. पायानं सहज दाबता आला असता इतका जवळ.

तांबड्या टोपीवाला थोडा वेळ उभा राहिला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मग खाली बसून मातीत रेघोट्या मारायला लागला.

"बसले," मी म्हणालो. घरात ऐकायला कुणी नव्हतं.