नॉर्मल म्हणून माझं रक्त

जयपूरच्या प्रयोगशाळेत मी माझं रक्त काढून दिलं, ते काही मोठ्या त्यागाने वगैरे नव्हे. तुलनेसाठी एका निरोगी माणसाचा डीएनए हवा होता आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मे महिना होता, बाकीचे सगळे आपापल्या गावी गेले होते. मी गेले नाही. सांगलीच्या घरात आईशिवाय सुट्टी काढण्यापेक्षा जयपूरचं ऊन परवडलं, असं वाटायचं. आई स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, आणि मी काम करत होते तेही त्याच रोगावर. हे ऐकून लोकांना गहिवरून यायचं. मला त्यांच्या गहिवराचा राग यायचा.

काम सांगायला सोपं होतं. डीएनएतल्या ‘सी’ या अक्षरावर काही ठिकाणी मिथाइलची टोपी बसते. अशा टोप्या फार झाल्या की ते जनुक गप्प होतं. कर्करोग अडवणारंच जनुक गप्प झालं तर संपलंच. टोप्या शोधायला डीएनएचे दोन धागे आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने सुटे करायचे आणि मग बायसल्फाइट या रसायनात उबेला ठेवायचे. बिनटोपीचे सी बदलून जातात, टोपीवाले तसेच राहतात. शेवटी जेलच्या पातळ वडीवर दोन खाने बघायचे, एक बिनटोपीचा, एक टोपीचा. निरोगी रक्तात टोपीच्या खान्यात रेघ येता कामा नये.

माझ्या रक्तात ती आली. चांगली ठसठशीत.

“आपका नॉर्मल तो नॉर्मल नहीं निकला!” आमचे सर जेलचा फोटो बघून हसले. “किसका ब्लड है?”

“एक वॉलंटियर है, सर.”

“मेथड में गड़बड़ है. फिर से करो.”

सर बरोबरच बोलत होते. मलाही ते ठाऊक होतं. सी नीट बदलले गेले नाहीत, तर बिनटोपीचेही टोपीवाले दिसतात, आणि रक्तातल्या एका रेघेवरून कुणाला कर्करोग ठरत नाही. हे सगळं मी दुसऱ्या कुणालाही शांतपणे समजावून सांगितलं असतं. पण जयपूरच्या सोडाला भागातल्या माझ्या खोलीत आंघोळ करताना हात आपोआप छातीकडे जायचा, चाचपायचा, आणि मी थिजून उभी राहायचे. आईलाही पहिल्यांदा तिथेच, न्हाणीघरात कळलं होतं.

मी पद्धतीच्या मागे लागले. तापमान कमी-जास्त केलं, वेळ वाढवली, बायसल्फाइट दर वेळी ताजं केलं. वीज गेली की प्रयोग टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. रेघ हटायला तयार नव्हती. दिवसभर माझ्याशी बोलायचा तो फक्त कूलर, आणि तोही खडखडून. वैशाली नगरातल्या एका विमा अधिकाऱ्याच्या घरी मी कधीमधी मराठी बोलायला जायचे, तेही बंद केलं. तिथल्या काकू दारातच विचारायच्या, “बरी आहेस ना गं?” त्या प्रश्नाला तोंड द्यायची माझी छाती नव्हती. रविवारी एसटीडी बूथवरून बाबांना फोन करायचे. ते विचारायचे, जेवलीस का? मी म्हणायचे, जेवले. इतकी एकटी मी ना त्याआधी कधी होते, ना नंतर.

आमच्याकडे एक रीत होती. कॉस्टिक सोड्याचं द्रावण एकाने मोठ्या बाटलीत करून ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं. जो तो आपापलं करत बसला तर काम कधी होणार, असं सर म्हणायचे. सुट्टीआधी कुणीतरी ती बाटली भरून गेलं होतं. मीही डोळे झाकून त्यातूनच घेत होते. मग उन्हाळी साफसफाईत सगळ्या बाटल्या धुवायला गेल्या, तीही गेली. माझा नुसता तिळपापड झाला. चरफडत मी माझ्यापुरतं थोडंसं द्रावण नवीन केलं.

त्या दुपारी जेलवर टोपीचा खाना कोरा होता.

विश्वास बसेना. मी पुन्हा केलं. पुन्हा कोरा. मग तेच द्रावण मुद्दाम काही दिवस उघडं ठेवून वापरलं, आणि रेघ परत उगवली. कॉस्टिक सोडा हवेने मंदावतो, हे तर आम्ही कॉलेजातच शिकलो होतो. मंद द्रावणात धागे पुरते सुटत नव्हते, आणि न सुटलेल्या धाग्यांना बायसल्फाइट काही करत नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे कॉस्टिक सोडा ज्याचा त्याने, त्या दिवसापुरताच करायचा, असं ठरलं.

सर खूश झाले. “वॉलंटियर को बता देना, बिल्कुल नॉर्मल है.”

“जी सर,” मी म्हणाले.

रविवार नव्हता, तरी मी बूथवर गेले. बाबांनी फोन उचलला आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, “बाबा, मला काही झालेलं नाही.”

बाबा म्हणाले, “तुझी आई पण असंच म्हणायची. खरं काय ते सांग.”

मी सांगितलं. टोपी, रेघ, बाटली, सगळं, आणि पहिल्यांदाच मराठीतून. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नसणार. पण त्यांनी मध्येच मला थांबवलं.

“ती रेघ गेली म्हणजे नक्की गेली?”

“गेली, बाबा.”

“पुन्हा बघितलंस?”

“पुन्हा बघितलं.”

मग रिसीव्हरमधून एक विचित्र आवाज यायला लागला. लाइनच बिघडली, असं मला आधी वाटलं. बाबा रडत होते. आई गेली त्या दिवशीही मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं.