चार टोपणं आणि चाचांचा तांबडा

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी चाचांच्या बैलाला सोयाबीनवर फवारायच्या औषधानं आंघोळ घातली.

हे असं एका दमात सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गावातलं कुणीतरी मधेच तोंड घालून सांगतं, आणि त्यांच्या सांगण्यात टोपणांची संख्या दर साली वाढत चाललीय. चार होती. आठ नव्हती. अख्खी बाटली उपडी केली, ही तर निव्वळ बदनामी आहे.

दुसरंही आताच कबूल करतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. औषधाच्या बाटलीवरचा लाल त्रिकोण आणि त्यावरची कवटी मी दरवर्षी फळ्यावर काढतो, आणि वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही म्हणून पोरांना दम भरतो. कवटी माझी चांगली येते.

चाचा म्हणजे आमचे बांधाचे शेजारी, वडिलांच्या बरोबरीचे. वडील होते तेव्हापासून दोन्ही घरांत एकेकच बैल. आमचा पांढरा, त्यांचा तांबडा. दोघांची मिळून एक जोडी, आणि ती आलटूनपालटून दोन्ही रानांत चालायची. आमच्याकडं याला वारंगुळा म्हणतात. वडील गेल्यावर मी नोकरीचं निमित्त करून शेतीतनं अंग काढून घेतलं. तेव्हापासून दोन्ही रानं चाचाच वाहतात, दोन्ही बैल तेच बघतात. लोहाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यानं दिवसभर ट्रॅक्टर धडधडत जातात, पण चाचा म्हणतात, उभ्या सोयाबीनात ट्रॅक्टर घालून कोळपून दाखवा एकदा. तांबड्याला त्यांनी वासरू होता तेव्हापासून हातानं चारलंय. तो गेला असता तर पांढरा एकटा पडला असता, ऐन ज्वारीच्या पेरणीला दोन्ही घरांची तिफण कोपऱ्यात उभी राहिली असती, आणि या वयात चाचांनी नवं जनावर हाताखाली घातलं नसतं. ते सरळ बसूनच गेले असते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून केलं, हेच तर दुखणं आहे.

माझ्याकडं आता पोळ्याचा मान तेवढा उरलाय. आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांना धुवायचं, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि मग कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' वडील हे म्हणायचे तेव्हा बैल खरोखर कान टवकारायचे. मी म्हणतो तेव्हा शेपटी मारतात. तरी मान तो मान.

त्या दिवशी चाचा गोंडे आणि माळा आणायला बाजाराला निघाले होते. जाता जाता एवढंच म्हणाले, की गुरुजी, नुसतं पाणी घाला, घासायचं मी आल्यावर बघतो. मी मान हलवली. मला मान हलवायची सवय आहे.

पाणी घालताना तांबड्याच्या मानेखाली आणि जांघेत गोचीड दिसले. टपोरे, वाटाण्याएवढे. उद्या गावभर मिरवायचा बैल आणि त्याच्या अंगावर ही जत्रा. मला आमच्या टपरीवरचे एक जाणकार आठवले. या गृहस्थांना जगातल्या सगळ्या रोगांची औषधं माहीत आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात एक शेळीसुद्धा नाही. त्यांनी कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं की फवारायचं औषध बादलीत दोन टोपणं टाकलं की गोचीड नावाला उरत नाही. मी आमच्या गोठ्याच्या कोनाड्यातली बाटली काढली. बैल धिप्पाड, गोचीडही मोठे, म्हणून मनातल्या मनात त्रैराशिक मांडून चार टोपणं घातली. बाटलीवरची कवटी माझ्या कवटीपेक्षा जरा डावी होती, हे मात्र मी बारकाईनं पाहिलं.

हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. म्हणजे औषध कातडीतनं आत शिरतं एवढं मला ठाऊक होतं. कातडी बैलालाही असते, हे तेवढं ध्यानात आलं नाही.

मग मी तांबड्याला घासला. घोंगडी धुवावी तसा घासला. गोचीड टपाटप गळायला लागले आणि बायकोच्या कोंबड्या धावत आल्या. एकेक कोंबडी गोचीड टिपायची आणि माझ्याकडं मान वाकडी करून बघायची, की आणखी आहे का. बायको दारातनं म्हणाली की अहो, त्या काय खातायत बघा तरी. मी तिला समजावून सांगितलं की याला अन्नसाखळी म्हणतात.

खरं तर त्याच दिवशी मला कुणीतरी खोलीत कोंडून बाहेरनं कडी लावायला पाहिजे होती.

चारच्या सुमाराला मी खांद्यांना लोणी-हळद चोळली. सढळ हातानं, पाठीवरही. मग कानात आवतण दिलं. आणि काय सांगू, तांबड्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. घळाघळा. खांद्याची कातडी थरथरायला लागली. मला वाटलं, गहिवरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं आवतण बैलाच्या काळजाला भिडलं. मी फोन काढला, व्हिडिओ घेतला आणि 'मुक्या जिवाची माया' असं लिहून स्टेटसला ठेवला. लगेच हात जोडलेली चित्रं यायला लागली. एका सहकाऱ्यानं लिहिलं की सर, डोळे पाणावले. मलाही भरून आलं. म्हणून दुसरा व्हिडिओ घ्यायला लागलो. मग तांबड्याच्या तोंडाला फेस आला आणि त्यानं पातळ शेण टाकलं, तेव्हा मी व्हिडिओ बंद केला. ते स्टेटसला शोभलं नसतं.

चाचा गोंड्यांची पिशवी घेऊन आले. तांबड्याकडं एकदा बघितलं आणि पिशवी हातातनं खाली ठेवली. मी नोकरीला लागल्या दिवसापासून चाचा मला गुरुजी म्हणतात आणि 'तुमी' म्हणून बोलतात. त्या दिवशी मधली सगळी वर्षं पुसून टाकून ते म्हणाले, "काय घातलंस रे ह्याच्या अंगावर?"

मी तोंड उघडणार एवढ्यात फोन वाजला. लोहाऱ्याहून, गुरांच्या डॉक्टरांचा. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, त्यामुळं माझं स्टेटस त्यांना दिसतं. ते नमस्कार न करताच बोलायला लागले.

"गुरुजी, तो बैल रडत नाही. त्याला विष चढलंय. अंगाला काय लावलं?"

मी म्हणालो, "हळद."

"आणखी?"

"लोणी."

"आणखी?"

चाचा समोर उभे. माझ्याकडं बघत. आयुष्यात इतका छोटा प्रश्न मला इतका अवघड गेला नव्हता. मी बाटलीचं नाव सांगितलं. चार टोपणं सांगितली. ते ऐकून चाचा खाली बसले.

डॉक्टरांनी भराभर बजावलं. निघालोच म्हणाले. तोवर साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा, लोण्याचा ओशटपणा पार गेला पाहिजे, औषधाला आत शिरायला त्यानंच वाट करून दिलीय. अंग चाटू देऊ नका, मुसकं बांधा. आणि तोंडानं काहीही पाजायचं नाही, थेंबसुद्धा नाही, त्याला आता गिळता येत नाही, सगळं छातीत जाईल. हे शेवटचं त्यांनी दोनदा का सांगितलं, ते मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

आमच्या गावात माणूस आजारी पडला तर चार लोक येतात, बैल आजारी पडला तर गाव येतं. एकजण म्हणाला गुळाचं पाणी द्या. दुसरा म्हणाला चिंचेचं. तिसऱ्याच्या मते ताकावाचून उतार नाही. एका म्हाताऱ्या बाईनं स्टेटस पाहिलं होतं, तिचं म्हणणं बैलाला दृष्ट लागलीय आणि ती मीच लावलीय. आता मागं वळून बघताना सगळ्यांत बरोबर निदान तिचंच वाटतं. मी साबण घासता घासता प्रत्येकाला सांगत होतो की डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि प्रत्येकजण माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की बोलायचं तोंड आहे का तुला. एक गडी तर वेळूचं नळकांडं गुळपाण्यानं भरून थेट तांबड्याच्या जबड्याशी आला. एक मन म्हणालं, पाजू दे बाबा, निदान सगळं माझ्याच नावावर तरी राहणार नाही. चाचांनी ते नळकांडं त्याच्या हातातनं काढून घेतलं आणि उकिरड्यावर रिकामं केलं.

मग ते परत तांबड्याच्या तोंडाशी बसले. मुसक्यातनं फेस गळत होता. खांद्यावरच्या टॉवेलानं ते तो पुसत राहिले. पुसायचे, पिळायचे, परत पुसायचे. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एरवी पेरताना तास वाकडं गेलं की पांढऱ्याला आणि मला एकाच दमात शिव्या देणारा माणूस. त्या दिवशी एक शब्द नाही. तांबडा पुढचे गुडघे मोडून बसला, तेव्हा फक्त ते त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "ऊठ राजा, उद्या जेवायला बलिवलंय तुला."

ते ऐकून माझा हात साबणासकट थांबला.

डॉक्टर आले ते चिखलानं माखलेले. ओढ्यापाशी त्यांची गाडी रुतली होती. त्यांनी तांबड्याच्या डोळ्याची बाहुली पाहिली, टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. मग औषध काही शिरेतनं, काही कातडीखालनं दिलं आणि चाचांना म्हणाले की तोंडाला बोट लावत राहा, लाळ आटून तोंड कोरडं पडलं की समजा औषध लागू पडतंय. चाचांनी मुसक्यात बोटं घातली ती बाहेर काढलीच नाहीत. डॉक्टरांनी बाटली मागितली, पाठीमागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि मला विचारलं की हे वाचलं होतं का. मी म्हणालो की फळ्यावर काढलंय.

दिवे लागायच्या सुमाराला चाचा मान वर न करता म्हणाले, "कोरडं लागतंय."

डॉक्टरांनी आणखी एक सुई दिली आणि पहाटे परत येतो म्हणाले. त्याच वेळी बायको परसातनं आली. तिच्या हातात तीन कोंबड्या होत्या, पाय धरलेल्या, माना लोंबणाऱ्या. डॉक्टर म्हणाले की खोल खड्डा करून पुरा, खाऊ नका, कुत्र्यालाही टाकू नका. बायकोनं त्या माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, "घ्या तुमची साखळी."

खड्डा मीच खणला.

पोळ्याच्या सकाळी तांबडा उभा होता. पाय फाकवून, मान खाली घालून, पण चारी पायांवर उभा. मिरवणुकीला तो गेला नाही. चाचांनी दावणीलाच त्याला झूल घातली, शिंगांना गोंडे बांधले आणि शेजारी बसून राहिले. दुपारी पुरणपोळीचं ताट नेलं तर डॉक्टरांनी पोळी बंद केलेली, फक्त मूठभर कडबा आणि पाणी. आवतण दिलेला पाहुणा उपाशी, आणि आमच्या पांढऱ्यानं दोघांचं जेवण एकट्यानं उरकलं. त्याला कसलंच दुःख नव्हतं. तांबडा ज्वारीच्या पेरणीला उभा राहिला, पण तिफणीला चाचांनी त्याला चार दिवस उशिरा जुंपला आणि त्या चार दिवसांत माझ्या रानातलं तण मला स्वतःला खुरपायला लावलं. मी खुरपलं. पाठ अजून अधूनमधून आठवण काढते.

टपरीवरच्या जाणकारांना मी गाठलंच. ते म्हणाले, मी म्हशीला सांगितलं होतं, बैलाला कुठं? आणि मी दोन टोपणं सांगितली होती. वर म्हणाले, म्हशीलाही मी कधी लावून बघितलं नव्हतं. त्यांच्या चहाचे पैसे त्या दिवशीही मीच दिले. स्टेटस मी पुसलं, पण तोवर ते कुठं कुठं पोचलं होतं. परवा उमरग्याच्या एका पाहुण्यानं मलाच पाठवलं, मागं बासरी लावून. खाली लिहिलं होतं, बघा, जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही. या वाक्यात काढायला काही चूक नाही, म्हणून जास्तच चिडचिड झाली.

आता औषधाच्या बाटल्या गोठ्यात नसतात. कुलपात असतात आणि किल्ली बायकोकडं असते. मला लागली तर कशाला, किती आणि कुणाच्या अंगावर, हे सांगावं लागतं. गोचिडांसाठी डॉक्टर स्वतः येतात, जनावरांचं औषध मापानं घालतात, लावल्यावर चाटू नये म्हणून मुसकं बांधतात आणि कोंबड्या डालून ठेवायला सांगतात. तेवढा वेळ मी ओसरीवर बसायचं, असं डॉक्टरांनी आणि बायकोनं मिळून ठरवलंय.

पुढच्या पोळ्याला, खांदमळणीच्या दिवशी, मी नवा शर्ट घालून लोणी-हळदीची वाटी घेऊन दावणीशी गेलो. तांबड्यानं मला बघितलं आणि दावं ताणून मागं सरकला. चाचा उठले. माझ्या हातातनं वाटी घेतली, नाकाशी धरून हुंगली, परत एकदा हुंगली. मग स्वतःच्या हातानं तांबड्याच्या खांद्याला लोणी लावलं. माझे हात रिकामे. मी आवतण द्यायला म्हणून एक पाऊल पुढं टाकलं तर ते वळूनही न बघता म्हणाले,

"तिथनंच द्या, गुरुजी. त्याला लांबनं ऐकू येतंय."