घट्ट बसणारे तुकडे

उकव्याच्या खाणीत मशिनी दुरुस्त करणारे काका निवृत्त होऊन बालाघाटला आमच्या शेजारी राहायला आले, आणि वर्षाच्या आत त्यांच्या उजव्या हाताला लकवा मारला. आता ते व्हरांड्यात बसून प्लास्टिकच्या ठोकळ्यांची मॉडेलं जोडतात. कधी क्रेन, कधी ट्रक. नामांकित कंपनीची नव्हेत, तशीच दिसणारी स्वस्तातली. खोका आला की तुकडे रंगाप्रमाणे ताटात निवडतात आणि स्वतःशीच बोलतात, "हौ, हे इथं. हे नाही."

गोंदियाला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने एकदा अस्सल कंपनीचा खोका आणला. काकांनी तो दोन दिवसांत जोडून कपाटावर ठेवला आणि पुन्हा स्वस्तातला मागवला.

"काहून काका? तो चांगला नव्हता?" मी विचारलं.

"बढिया होता. पण त्याचे तुकडे अलगद बसतेत. याचे घट्ट राहतेत, बोटाले जोर लावा लागते. मले तेच पायजे."

परवा एक लाल तुकडा काही केल्या बसेना. त्यांचा अंगठा थरथरत होता, कपाळावर घाम आला होता. मला बघवेना. मी हात पुढे करून तो दाबून बसवला.

काका रागावले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी तो तुकडा उपसून काढला आणि पुन्हा उजव्या हातात धरला.

"ताई, चहा मांड न जरा," ते म्हणाले. "तवर बसवतो मी."

मी आत गेले आणि चहा बराच वेळ उकळू दिला.