बहिणीचा अंगठा

तहसीलसमोर लिंबाखाली नोटरीचं टेबल टाकलं, तेव्हा माणूस स्वतः आल्याशिवाय मी शिक्का मारत नव्हतो. लोक सरळ शेजारच्या नोटरीकडं जायचे. मग मीही शहाणा झालो. जमिनीतला हक्क सोडल्याचं बहिणीचं प्रतिज्ञापत्र भाऊच घेऊन यायचे, खाली अंगठा आधीच उमटलेला. "बाईमाणसाला कशाला हेलपाटा, साहेब?" म्हणायचे. मी दाणकन शिक्का मारायचो. धंदा लई वाढला.

एक दिवस अणदूरची एक बाई तसलाच कागद घेऊन आली. गावात अंगणवाडी चालवायची.

"साहेब, नाव माझं हाय. पण मी तर सही करते. हा अंगठा कुणाचा?"

अंगठ्याशेजारी माझा शिक्का होता: 'माझ्यासमोर केले.' तिला मी पहिल्यांदाच बघत होतो.