नुसता पेपर बघायला

गेल्या मार्चमध्ये, उन्हाळी सत्र सुरू होण्याच्या थोडं आधी, आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं नाव जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठाच्या पटावरून कमी झालं. एकच विषय राहिला होता, यंत्रांच्या कंपनांचा. बाकीचे सगळे तिने सोडवले होते.

आता नोव्हेंबर आहे. नव्या भाडेकरूसाठी खोली आवरताना भिंतीतलं कपाट उघडलं आणि शेंगाचटणीचा वास आला. सोलापूरची, लसूण आणि लाल तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली. डबा केव्हाच गेला होता, फळीवर तेलाचं एक पुसट वर्तुळ तेवढं होतं. लाकूड वास फार दिवस धरून ठेवतं. मी खिडकी उघडली. बाहेर आखनचा नेहमीचा पाऊस होता, बारीक, आवाज न करणारा, कधी सुरू झाला आणि कधी थांबला हे न कळणारा. समोरच्या थांब्यावर विद्यापीठाकडे जाणारी बस उभी होती. काचांवर वाफ धरलेली, आत पाठीवर सॅक लावलेली मुलं दाटीने उभी, आणि तरीही कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

ती आली तीही अशाच ओल्या दिवसांत. वडील सोलापूरच्या एका कापड कारखान्यात फिटर. घरातून बाहेरच्या देशात गेलेली ती पहिलीच. पहिल्या आठवड्यातला तिचा एक फोन मला स्पष्ट आठवतो. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"फी भरल्याची पावती पाठव की," वडील म्हणाले. "कारखान्यात साहेबांना दाखवायचीय."

"बाबा, फीच नाही तर पावती कशाची?"

"फी नाही म्हणजे? नंतर घेत्यात का?"

"नंतरपण नाही. सेमेस्टरचे थोडे भरायचे, त्यात बसचा पास येतो. बास."

मग हळूच, "बाई, कॉलेज खरं हाय ना?"

ती इतकी हसली की भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. तिच्या आईने पुढे फोन घेतला आणि मलाच विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंय का ते कॉलेज, डोळ्यांनी? मी म्हटलं, पाहिलंय. आमचे हे रोज त्याच्यासमोरून कामाला जातात.

इथल्या या फुकट शिक्षणाबद्दल आपल्याकडे आदराने बोललं जातं आणि तो आदर खोटा नाही. फिटरच्या मुलीला आणि कारखान्याच्या मालकाच्या मुलाला एकाच दारातून आत घेणारी व्यवस्था जगात फार ठिकाणी उरलेली नाही. मात्र त्या दारातून आत गेल्यावर कोणी तुमची वाट पाहत नसतं. हजेरी नाही. वर्गशिक्षक नाहीत. घरी फोन जात नाही. तास चालू असताना उठून गेलात तरी कोणी मान वर करून बघत नाही. आपल्याकडे पैसे भरून घेतलेलं कॉलेज मुलाला सहजासहजी सोडत नाही, नापास झाला तरी पुन्हा फॉर्म भरून घेतं, पुन्हा बसवतं, वर्षानुवर्षं त्याची जागा राखतं. इथे सरकार तुमच्यावर खर्च करतं आणि त्या बदल्यात एकच मर्यादा घालतं. एका विषयाच्या परीक्षेला तीनदा बसता येतं. नियम लपवलेला नसतो. पहिल्या आठवड्याच्या स्वागतसभेत तो सांगितला जातो, पडद्यावरही दाखवला जातो. तीही त्या सभेला होती.

पण ऐकणं आणि अंगात मुरणं यांत अंतर असतं. एटीकेटीच्या सावलीत वाढलेल्या मुलांना परीक्षा ही ये-जा करण्याची जागा वाटते. तयारी नसली तरी बसून यावं, पेपर कसा काढतात ते बघावं, पुढच्या खेपेला त्या अंदाजाने वाचावं, अशी आपली रीत आहे आणि आपल्याकडे ती शहाणपणाचीच आहे. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्याच दोन सीनियर मुलांनी तिला तेच सांगितलं. इथे परीक्षेच्या काही दिवस आधीपर्यंत नाव मागे घेता येतं, आणि मागे घेतलं तर तो प्रयत्न धरला जात नाही. तिने ते घेतलं नाही. पहिल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या दिवशी सकाळी बूट चढवताना जिन्यातून म्हणाली, "काकू, नुसता पेपर बघायला चाललेय. काही येत नाहीये मला." दुपारी परतली ती खुशीत. "कसला पेपर असतो! आता कळलं कुठून वाचायचं ते." संध्याकाळी तिने सगळ्यांसाठी शिरा केला.

दुसऱ्या वेळी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेर, ती मनापासून वाचून गेली आणि थोडक्यात राहिली. तरीही ती फारशी हलली नाही. त्या आठवड्यात आमची मुलगी कोलोनहून घरी आली होती. ती इथेच जन्मली, इथेच शिकली. मराठी सगळं समजतं, उत्तर बहुतेक जर्मनमध्ये देते. जेवताना विषय निघाला.

"आमच्या मामाने दहावीच्या गणिताला पाच खेपा केल्या," वरची मुलगी म्हणाली. "पाचव्यांदा सुपरवायझरच म्हणाला, या, तुमचा बाक तोच आहे. माझी तर अजून तिसरीच."

हे जोरात हसले. आमची मुलगी हसली नाही. तिने काटा खाली ठेवला.

"ड्रिटफरझुख?" तिने विचारलं. तिसरा प्रयत्न?

"हो, हो. तिसरा."

"आणि मग?" या वेळी ती मराठीत बोलली, शब्द शोधत. "मग नाही. समजलं तुला? इथे नाही, आणि म्युनिकमध्ये पण नाही. कुठेच नाही. हा कोर्स पूर्ण जर्मनीत बंद."

"असं कसं?" हे म्हणाले. "काहीतरी सोय असेलच. अर्ज-बिर्ज करून बघायचा."

"नाइन, पापा. नाही म्हणजे नाही."

वरची मुलगी ताटातला भात बोटांनी एका बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पहिला मी उगाच घालवला."

तो हिवाळा तिने खोलीत काढला. भाकरीचा आवाज बंद झाला, पावावर भागू लागलं. घरी फोन केला की हसतखेळत बोलायची. ठेवला की जिन्यावर तशीच बसून राहायची. भीतीचंही एक हवामान असतं, घरातल्या सगळ्यांना ते कळतं आणि सगळेच खिडक्या लावून बसल्यासारखे वागतात. आम्ही तिला चहा नेऊन देत होतो, जेवायला हाक मारत होतो. अभ्यासाचं कोणी विचारत नव्हतं.

तिसरी परीक्षा तोंडी होती, मार्चमधल्या एका सकाळी. समोर प्राध्यापक आणि शेजारी टिपणं घेणारा एक सहायक. ती बारापर्यंत परतली. ओलं जाकीट न काढता स्वयंपाकघरात बसली आणि घडलं ते क्रमाने सांगितलं. पहिलं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्या प्रश्नाला आवाजच फुटेना. प्राध्यापकांनी पाणी दिलं, तोच प्रश्न आणखी सोपा करून विचारला, मग फळ्यावर आकृती काढून विचारला. घड्याळ चालू राहिलं. परतीच्या बसमध्ये तिला संपूर्ण उत्तर आठवलं.

"चांगले होते हो, काकू," ती म्हणाली. "दोघं उठून उभे राहिले. हात मिळवला. बरं तर, म्हणाले, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा."

"बाबांना काय सांगणार?"

"आत्ता काही नाही."

पटावरून नाव गेलं आणि एप्रिलमध्ये ती सोलापूरला गेली. निघताना घरी सांगितलं होतं, सुट्टीला येतेय.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, मी तिला फोन केला. फोन वडिलांनी उचलला. आवाजात तीच जुनी आपुलकी होती.

"ताई, बरं हाय का तिकडं? थंडी लई असंल. पोरगी हाय की इथंच, चकल्या करतीय. सुट्टी लांबली म्हणली यंदा. आता दिवाळी करूनच जाईल." मग थोडं थांबून, "एक विचारायचं होतं. परत जायचं तिकीट इथनं काढावं की तिकडनं बरं पडतं?"

मागून तिचा आवाज आला, "बाबा, मी बोलते." मग फोन बंद झाला.

तिचा इथला राहण्याचा परवाना सप्टेंबरअखेर संपला होता.