तीनदा पेटणारी चूल

वनमाला आमची सून. माहेर धर्मापुरीचं. नववीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन आमच्याकडे, धारूरच्या डोंगरात आली. नवरा रामहरी, म्हणजे माझा मुलगा. लग्नानंतर दोघांनी आठ हंगाम ऊस तोडला. आमच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. जोडीतलं एक गळालं की कोयता मोडला.

नवव्या वर्षी तिनं जायला नकार दिला. कारण दीपमाला, तिची मुलगी. पाच महिने फडावर काढून पोरगी परत आली, तेव्हा पाटीवर स्वतःचं नाव लिहिता येईना. वस्तीवरच्या शाळेत पोरांचा भात शिजवायचं काम निघालं होतं, ते वनमालानं मागून घेतलं. रामहरी खडी क्रशरवर जाऊ लागला.

शाळेत चोवीस पोरं. भात, सोबत आमटी नाहीतर मटकी. एकाच्या सुट्टीला ताटात पडलं पाहिजे. गेल्या साली श्रावणापर्यंत ते नीट चाललं. मग बायनाबाईचा, माझ्या बायकोचा, उजवा खांदा आखडला. तिला भाकरी थापता येईना. घरचं सगळं वनमालावर आलं आणि शाळेतला भात पावणेदोनला उतरू लागला. लहान पोरं वाट पाहून घरी जात, ती परत येत नसत.

परमेश्वर सर म्हणजे शाळेचे हेडमास्तर. माणूस सरळ. त्यांनी तिला बोलावून सांगितलं की पंधरा दिवसांनी शाळा समितीची बैठक आहे, तोवर वेळ सुधारली नाही तर दुसरी बाई बघावी लागेल. काम गेलं तर दसऱ्यानंतर पुन्हा कोयता, आणि दीपमालाची शाळा पुन्हा पाच महिने बंद. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती पाचला उठायची, ती चारला उठू लागली. भात तरी पावणेदोनलाच.

मी सव्वीस हंगाम तोडणी केली. गुडघे गेल्यापासून ओट्यावर बसून असतो. बसल्या बसल्या काम पाहायची सवय सुटत नाही. मी चार दिवस तिचं काम पाहिलं. बाईच्या कष्टात खोट नव्हती. मांडणीत होती. रामहरी साडेसहाला जेवून निघायचा, त्याच्यासाठी चूल पेटायची. दीपमाला नऊला जेवायची, पुन्हा चूल. बायनाबाई आणि मी साडेदहाला, तिसऱ्यांदा चूल. ते आवरून शाळेत पोचायला तिला बारा वाजत. दर वेळी लाकडं, दर वेळी पीठ मळणं, दर वेळी परात धुणं. आमच्या घरी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. माझ्या आईच्या वेळेपासून तसंच आहे.

फडात आम्ही आधी तोडतो, मग मोळ्या बांधतो, मग गाडी भरतो. एक ऊस तोडून तो गाडीपर्यंत कुणी नेऊन टाकत नाही. ती मात्र रोज तेच करत होती.

हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बोललो पाचव्या दिवशी. मधले चार दिवस गप्प राहिलो, कारण तिसरी चूल माझ्यासाठी पेटत होती.

तिला सांगितलं की सगळ्यांच्या भाकरी पहाटे एकदाच थापून टाक. ती राख भरत होती. मान वर न करता म्हणाली, "ते मला कवाच कळलंय, मामा. पर साडेधाला गार भाकर तुमच्या ताटात मी टाकायची, आन् आत्याबाईचं कोन ऐकायचं?"

मी म्हणालो, माझं ताट मी घेईन. बायनाबाई आतून ऐकत होती. तिनं विचारलं की म्हाताऱ्या माणसाला गार तुकडा घालणारं घर कधी पाहिलंय का. मी तिला आठवण करून दिली की कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, ती स्वतः तीनला उठून दिवसभराच्या भाकरी थापायची आणि आम्ही दुपारी त्याच खायचो.

"ती कोपी व्हती," ती म्हणाली. "हे घर हाय."

दुसऱ्या दिवशी वनमालानं सहाच्या आत तेरा भाकरी थापल्या. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या, कालवण झाकलं, निखाऱ्यावर राख ओढली. रामहरीनं डब्यात दोन जास्तीच्या घातल्या, त्याला काही फरक पडला नाही. दहाला ती दीपमालासोबतच शाळेत गेली. साडेदहाला मी उठून स्वतः ताट घेतलं. भाकरी चिवट लागली. ठेच्यासोबत उतरली. बायनाबाई त्या दिवशी उशिरा, रुसून जेवली.

शाळेत मात्र त्या दिवशी वेगळीच गडबड झाली. घाईत तिनं बाराच्या आधीच भात उतरवला. एकापर्यंत त्याचा गोळा झाला. पोरं ताटं उलथी करून खेळली, निम्मा भात टाकून दिला. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं, असं ती घरी येऊन म्हणाली. फार हिरमुसली होती. मी म्हणालो, लवकर आणि वेळेवर या दोन गोष्टी आहेत. गाडी यायच्या दोन तास आधी मोळ्या रस्त्यावर आणून टाकल्या की उन्हानं वजन घटतं, ते मुकादम ऐकून घेत नाही.

मग तिनं घड्याळ उलटं धरलं. एकला वाढायचं, तर साडेबाराला उतरवायचं, तर बाराला भात चढायचा. भाजी आधी. तांदूळ निवडणं सकाळी व्हायचं, ते तिनं आदल्या दिवशी भांडी घासून झाल्यावर ठेवलं. मटकीही तेव्हाच भिजत घालू लागली. शाळेतली ही जुळणी तिची तिनं केली. त्यात माझं काही नाही.

आठव्या दिवशी मी ताट घ्यायला आत गेलो तर बायनाबाई चुलीपाशी बसली होती. सकाळच्या निखाऱ्यावर राख सारून डाव्या हातानं भाकरी शेकत होती. कडा कुरकुरीत झाल्या होत्या. ती म्हणाली, "बसा. आन् पानी तुमचं तुमी घ्या." तेव्हापासून तसंच चाललं आहे.

बैठकीच्या दिवशी समितीचे चार जण एकच्या आधी येऊन व्हरांड्यात बसले. घंटा झाली. पहिलं ताट सरांनी चाखलं, मग पोरांना वाढलं. एक वाजून दहा मिनिटांनी चोवीसही पोरं जेवत होती. समितीनं वनमालाला बोलावलं. तिनं निरोप धाडला की भांडी आणि उद्याचे तांदूळ झाले की येते. ते थांबले. काम या वर्षी तिच्याकडेच राहील, एवढं सांगून उठले.

ती तीनला घरी आली, आम्हाला ते सांगितलं, हातपाय धुतले आणि माजघरात पटकूर टाकून आडवी झाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दिवसाढवळ्या तिला आडवं झालेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बायनाबाई घाबरून तिच्या कपाळाला हात लावून आली.

"ताप न्हाई आत्याबाई," वनमाला डोळे मिटूनच म्हणाली. "आजचं काम सपलंय."