चार दिवसांची फुफी

स्वतःला देशाबाहेर काढायला आलेल्या माणसाला "बसा, घामाघूम झालाव, आधी पानी प्या" म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमची फुफी. नात्याने ती शेजारच्या इब्राहिमभाईची बहीण, त्याच्या पोरांची आत्या. पण म्हसळ्याजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात हिंदू काय नि मुसलमान काय, सगळेच तिला फुफी म्हणत. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो.

तिच्या राहण्याची मुदत संपत आली की हवालदार हजर. फुफीचा जन्म याच गावातला, पण कायद्याच्या लेखी ती परदेशी. नवरा कराचीच्या गोदीत कामाला होता. फाळणीनंतर तो आजारी पडल्याची तार आली, तशी ही बोटीत बसून त्याच्या सेवेला गेली. तो काही वाचला नाही. परत निघाली तोवर मध्ये कायदा उभा राहिला होता. फाळणीनंतर तिकडे गेलेल्याला परवान्याशिवाय इकडे पाऊल टाकता येईना. कायमचं राहायला येणाऱ्याचा परवाना वेगळा, भेटीला येणाऱ्याचा वेगळा. कारकुनाने विचारलं, कुठे जायचंय, किती दिवस? फुफी म्हणाली, "म्हायेरी जातंय. चार दिवस."

झालं! भेटीचा परवाना मिळाला आणि बाई पाहुणी ठरली. पुढे परवाने जाऊन पासपोर्ट आले, व्हिसा आले; फुफी मात्र चार दिवसांचीच राहिली. गावातली टवाळ मंडळी तिला त्याच नावाने हाक मारायची, आणि ती हसून ओ द्यायची.

"अहो, कायमचं जायचंय म्हणायला तुमचं काय जात होतं?" मी एकदा वैतागून विचारलं.

ती चुलीपाशी सांदणं उकडत होती. "मास्तर, तुमी शिकलेलं, पन बाईमानसाचं तुमाला काय कलनार? म्हायेरी कायमची जातंय, असं कंची बाई आपल्या तोंडानं बोलंल? ते भावान बोलायचं असतंय."

भाऊ मात्र बोलत नव्हता. इब्राहिमभाई वाईट माणूस नव्हे, नुसता घुमा. बहीण घरात आहे, दोन घास खाते आहे, त्यात बोलायचं काय, असं त्याला वाटत असावं. पण तो बोलेना म्हणून फुफीही त्या घरात पाहुणीसारखी वागे. तांदळाच्या कणगीला हात लावायचा तरी भावजयीला विचारायची. "घ्या की, विचारताव काय?" म्हणून भावजय बिचारी चिडायची. मला दोघींचीही कीव यायची.

"सरकारला माजी लय कालजी," फुफी हवालदाराला चहा देताना म्हणायची. "मी किती दिवस ऱ्हानार, ते विचारतंय तरी!" ओटीवर जाळं विणणारा इब्राहिमभाई हे ऐकायचा आणि मान खाली घालून विणत राहायचा.

एका वर्षी मुदत वाढली नाही. देश सोडा, असा हुकूम आला. हवालदाराने त्या दिवशी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यानेच मला बाजूला घेऊन सांगितलं, नागरिकत्वाचा नवा कायदा झालाय, अर्ज करा, भावाला आणि एका साक्षीदाराला घेऊन अलिबाग गाठा.

आम्ही तिघे गेलो. साहेब तरुण होता, कामाच्या घाईत. त्याने अर्ज चाळला आणि विचारलं, "बाई, परत कधी जाणार?"

"कधीच नाही" एवढं म्हटलं की काम होणार होतं. पण शेजारी भाऊ उभा. त्याच्या देखत तसं म्हणणं म्हणजे त्याच्या घरात जागा मागणं. फुफी जमिनीकडे बघत राहिली. "बोला बाई, नाहीतर मला नकार द्यावा लागेल," साहेब म्हणाला.

"सायेब," इब्राहिमभाईचा आवाज चिरकला, "ती न्हाय जानार. कदीच न्हाय. घर आमच्या बापाचं हाय. जेवढं माजं, तेवढं तिचं."

फुफीने तोंडावर पदर ओढला आणि त्या अनोळखी माणसासमोर हमसून हमसून रडली. साहेबही वरमला. "जा बाई, होईल तुमचं काम," म्हणाला.

आणि ते झालंही, पुढे यथावकाश. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला राहवेना. म्हटलं, "फुफी, आता तुम्ही इथल्या नागरिक होणार!"

"ते व्हईल तवा व्हईल," ती म्हणाली. पुढच्या बाकावर भाऊ पेंगत होता. त्याच्याकडे बघत ती हळूच पुटपुटली, "मास्तर, भाऊ काय बोलला, आयकलंव ना तुमी?"